सोनेरी अक्षरातला पासवर्ड

टकळीच्या बाबांना वाईट अक्षर बघवत नाही. रस्त्याने जाताना एखाद्या पाटीवर 'क'चं पोट सुटलेलं दिसलं की ते थबकतात, चुकचुकतात आणि त्या 'क'कडे असं बघतात की जणू त्याला आता सलाईनच लावावं लागणार. पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. त्यामुळे इंटरनेट जोडायला आलेल्या माणसाने एका चुरगळलेल्या चिटोऱ्यावर पासवर्ड खरडला आणि तो दुकानात चिकटवून निघून गेला, तेव्हा बाबांना रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद काढून टाकला आणि दुकानाच्या काचेच्या दारावर, सोनेरी रंगात, पासवर्ड रंगवला.

पासवर्ड तरी काय, तर बाबांच्या लाडक्या रंगाचं नाव आणि पुढे एक, दोन, तीन, चार. पण त्या चाराच्या शेपटीतून एक वेल निघाली होती, वेलीला पानं होती आणि शेवटच्या पानावर एक मुंगी बसली होती. ती मुंगी बघायला येणारे-जाणारे थांबत. काही जण मुंगी बघून झाल्यावरही थांबत, आणि बाबांना वाटे, काय ही रसिकता.

हे सगळं एकाच इमारतीतलं. खाली बाबांचं दुकान. पहिल्या मजल्यावर आई, बाबा आणि टकळी. दुसऱ्या मजल्यावर बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आणि भिंतीला भिंत लावून शेजारी बेकरी, जिच्या वरच्या खोलीत बेकर काका एकटेच राहत आणि घोरत.

टकळीला टकळी हे नाव आत्यानेच ठेवलं होतं. सूत कातायची टकळी एकदा फिरायला लागली की थांबत नाही, तसं या मुलीचं तोंड. पूर्वी तिला हे नाव मुळीच आवडायचं नाही. पण यंदा नववीत वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून बोलणं हा दुर्गुण राहिला नव्हता, ती कला झाली होती. निदान टकळीच्या मते.

आत्या नाटकांचे पोशाख शिवायची. तिच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी दांडीवर टांगलेले तीन राजे भेटत, मग सैनिकांचा ढीग, मग डोकं नसलेलं एक अस्वल. मधोमध कापायचं भलंमोठं टेबल, त्याच्या पलीकडे मशीन, आणि भिंतीशी इस्त्री. इस्त्रीचा प्लग मात्र टेबलाच्या मागे, पार जमिनीलगत. आत्याचा गुडघा कुरकुरायला लागल्यापासून तिथे वाकणं म्हणजे शिक्षाच. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात सेल लागला तेव्हा बाबा एक पांढरा गोलमटोल स्मार्ट प्लग घेऊन आले. टकळीने तो बाबांच्या फोनवरून लावून दिला. मध्ये 'कुलूप-क्रमांक घाला' असं काहीतरी आलं होतं, पण बाबा म्हणाले, "पुढे जा गं, पुढे, रंग वाळतोय माझा," आणि टकळी पुढे गेली. प्लगसोबत अंगठ्याएवढा रिमोट होता. तो आत्याने नाडीत ओवून गळ्यात अडकवला, कात्रीच्या शेजारी. आता बसल्या जागी बटण दाबलं की इस्त्री चालू, दाबलं की बंद. इस्त्रीच्या अंगावरची कळ आत्या कधी फिरवायचीच नाही. कशाला फिरवेल?

आणि मग इस्त्री आपोआप तापायला लागली.

पहिल्यांदा आईला दिसलं. आई हॉस्पिटलात नर्स आहे आणि ड्यूटीवर जायच्या आधी आत्याला गुडघ्याची गोळी द्यायला वर जाते. खोलीत कुणी नाही, आत्या आत दात घासतेय, आणि इस्त्री आपल्या लोखंडी स्टँडवर चांगली रसरसलेली.

"ताई, रात्री इस्त्री चालूच राहिली वाटतं."

"छे. मी बंद केली होती."

एकदा झालं, कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा झालं, आईने बाबांकडे बघितलं आणि बाबांनी छताकडे. तिसऱ्यांदा मात्र नवं नाटक जवळ आलेलं होतं, राणीचा निळा झगा टेबलावरून घसरून त्याची बाही स्टँडवर टेकली होती, आणि सकाळी साऱ्या जिन्यात जळकट वास. बाहीला इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी भोक पडलेलं. राणीला त्यातून सहज हात हलवून प्रजेला दर्शन देता आलं असतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निवाडा झाला. म्हणजे आई बोलली आणि बाबा मीठ सारखं इकडून तिकडे सरकवत राहिले.

"मी वॉर्डात रोज बघते हो," आई म्हणाली. "सुरुवात अशीच होते. गॅस, नळ, इस्त्री. उद्या काही पेटलं तर? ताईंनी खाली आपल्यात राहायला यावं. आणि शिवणकाम आता बंद. या रविवारीच सामान हलवू."

"पण ती म्हणतेय की बंद केली होती," टकळी म्हणाली.

"माणसाला वाटतं तसं."

"मग रिमोटचं काय? प्लगमध्येच काही बिघाड असेल. मी परवाच एका ठिकाणी वाचलं की..."

"टकळे, जेव."

स्पर्धेतल्या परीक्षकांनी जिला ढाल दिली होती, तिला घरात 'जेव' एवढंच मिळालं. ती जेवली.

मग वर गेली. आत्या मशीनपाशी बसली होती, पण मशीन चालू नव्हतं. मांडीवर जळकी बाही. एरवी टकळी दारात दिसली की आत्या म्हणायची, 'आली का आकाशवाणी.' आज तिने बाहीवरून नजरही उचलली नाही.

"आत्या, तू बंद केली होतीस ना?"

"केली होती. बटण दाबलं, दिवा विझलेला बघितला, मग उठले." आत्याने बाही उलटी केली, सुलटी केली. "असं मला आठवतंय. पण टकळे, मला आठवतंय ते खरंच झालेलं नसेल तर?"

आत्या कशालाच घाबरत नाही. एकदा पडदा उघडायला पाच मिनिटं असताना एका जाड्या सेनापतीची विजार मागून फाटली, तेव्हा तिने त्याला उभ्या उभ्या शिवून रंगमंचावर ढकललं होतं. त्या आत्याचा आवाज आत्ता धाग्यासारखा बारीक झाला होता. ही खोली गेली की आत्या काय करणार? पहिल्या मजल्यावर बसून खिडकीचे पडदे मोजणार?

"नसेल तर बिनडोक्याचं अस्वल होऊन मी फिरेन," टकळी म्हणाली. "शाळेत. प्रार्थनेला."

आत्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढंच.

सकाळी टकळी ब्रेड आणायला बेकरीत गेली. आदल्या रात्रीपासून तिच्या तोंडाला कुलूप होतं. घरातल्या कुणालाही हे सांगितलं असतं तर त्यांनी थर्मामीटर लावला असता.

बेकर काका काउंटरवर कोपरं टेकून उभे होते, तोंड आंबट.

"आज ब्रेड मागू नकोस. आहे तो घेऊन जा, पैसे देऊ नकोस, आणि कुणाला सांगू नकोस की माझा आहे."

टकळीने पाव हातात घेतला. विटेसारखा लागला. "काका, हा फुगलाच नाही."

"मलाच सांग. पीठ रुसलंय माझं. कधी गुणी बाळासारखं वर येतं, कधी बघावं तर तसंच थपकन बसलेलं. काल बघितलंस ना, तुझ्या बाबांनी माझा पाव रंगाचं डबडं टेकवायला घेतला होता."

टकळीला आठवलं. चांगलंच आठवलं. कारण त्याच सकाळी जिन्यात राणीची बाही जळल्याचा वास होता.

"आणि आज?" ती हळूच म्हणाली, स्वतःलाच. आज आईने वर इस्त्री गरम आहे का बघितलं असेल का? ती ब्रेड तसाच टाकून पळाली, दोन जिने चढली, आत्याच्या खोलीत शिरली आणि इस्त्रीजवळ हात नेला. इस्त्री धगधगत होती. आतल्या खोलीत आत्या अजून झोपलेली, रिमोट उशाशी.

टकळीने इस्त्रीच्या अंगावरची कळच फिरवून बंद केली आणि तशीच उलट्या पावली खाली बेकरीत आली. धाप लागली होती तरी आता तिच्यातली ती स्पर्धेतली मुलगी जागी झाली होती, जी प्रश्न एकापुढे एक लावते आणि समोरच्याला सुटू देत नाही.

"काका, पीठ फुगवता कसं?"

"कपाटात ठेवतो. आत छोटा हीटर आहे. ऊब मिळाली की फुगतं."

"हीटर चालू कोण करतं?"

"मीच की. पहाटे, अंथरुणातूनच." काका जरा खुलले. "हे बघ, मॉडर्न झालोय मी. कोपऱ्यावर सेल लागला होता ना, तिथून एक प्लग आणला. फोनवर बोट टेकवायचं, खाली हीटर सुरू. अजून अर्धा तास लोळायला मिळतं."

"प्लग पांढरा आहे? गोलमटोल?"

"तुला कसं कळलं?"

"फोन दाखवा ना जरा."

काकांच्या फोनला पिठाचा थर होता. त्यांनी तो ॲप्रनला पुसला, त्यावर आणखी पीठ बसलं. पडद्यावर दोन छोटी चौकोनी बटणं होती, एकाखाली एक. दोन्हींवर एकच नाव लिहिलेलं: प्लग १.

"दोन का आहेत?"

"मला काय ठाऊक. ॲप लावलं तेव्हा म्हणालं, आजूबाजूचे प्लग शोधू का. म्हटलं शोध. दोन सापडले. मला वाटलं एकावर एक फुकट असेल." काका डोकं खाजवायला लागले. "मी आपलं वरचं दाबतो. पण कधी कधी त्यांची जागा बदलते की काय कोण जाणे."

"आणि इंटरनेट कुणाचं वापरता?"

इथे बेकर काकांनी टकळीकडे अशा प्रेमाने बघितलं की तिला पुढचं उत्तर ऐकायच्या आधीच कळलं.

"तुझ्या बाबांचं. काचेवर इतकं सुंदर लिहिलंय, मुंगी काय, वेल काय. मला वाटलं गल्लीसाठीच आहे."

शनिवारी दुपारी आई हॉस्पिटलातून औषधांचे रिकामे खोके घेऊन आली आणि दुसऱ्या मजल्यावर गेली. रिळांचं कपाट उघडून तिने एक एक रीळ खोक्यात रचायला घेतलं. आत्या खुर्चीत बसून बघत होती, हातात काही नाही. बाबा दारात उभे. तीन राजे, बिनडोक्याचं अस्वल आणि घरची तीन माणसं, सगळी सारखीच गप्प.

तेवढ्यात टकळी आली. काखेत स्वतःचा टेबललॅम्प.

"सगळ्यांनी बसा," ती म्हणाली. "हात मांडीवर. आत्या, गळ्यातला रिमोट काढ आणि आईकडे दे. आई, तू तो मुठीत धर आणि बटणाला बोट लावू नकोस."

"टकळे, मला रविवारच्या आत हे सगळं..."

"आई. पाच मिनिटं. मग मी आठवडाभर गप्प बसेन."

एवढी मोठी लाच घरात कधीच कुणी देऊ केली नव्हती. आई बसली.

टकळी टेबलाखाली शिरली, इस्त्रीची वायर काढली, त्या जागी लॅम्प लावला आणि धूळ झटकत बाहेर आली. लॅम्प अर्थात बंदच. मग तिने खिडकी उघडली, ओणवून खाली बघितलं आणि हाक मारली, "काका, होऊ द्या."

लॅम्प लागला.

आईने आपली मूठ उघडून बघितली. रिमोट होता तसाच, बोट दूर.

"लूज कनेक्शन असेल," आई म्हणाली, पण आवाजात तो वॉर्डातला ठामपणा नव्हता.

"काका, बंद."

लॅम्प विझला.

"चालू."

लागला. आणि आता खाली फुटपाथवर उभ्या असलेल्या बेकर काकांना या खेळाची गोडी लागली. त्यांना सूचनांची गरजच उरली नाही. लॅम्प लागला, विझला, लागला, विझला, मग दोनदा झरझर, मग एकदा लांब, आणि त्याच तालावर खालून काकांची शीळ ऐकू यायला लागली. त्या उजेडात अस्वल नाचतंय असं वाटत होतं.

"हे कोण करतंय?" बाबा म्हणाले.

"बेकर काका. त्यांच्या फोनवरून. त्यांना वाटतं ते पीठ उबेला ठेवतायत. ज्या दिवशी त्यांच्याकडून चुकून आपलं बटण दाबलं जातं, त्या दिवशी इथे इस्त्री तापते आणि तिथे पीठ थंड पडतं. आत्याने प्रत्येक वेळी इस्त्री बंदच केली होती. आठवून बघ आई, बाही जळली त्या दिवशी नाश्त्याला काय होतं?"

आई विचारात पडली. "तो वीट-पाव."

"आणि काल सकाळी?"

"वीट-पाव," बाबा म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली. "पण शेजारच्या घरातला फोन आपल्या प्लगपर्यंत पोचला कसा?"

टकळीने फक्त बोट दाखवलं: जमिनीतून, पहिल्या मजल्यातून, आरपार खाली, दुकानाच्या काचेच्या दाराकडे. आई आणि आत्या दोघींनी एकदमच बाबांकडे बघितलं.

"मुंगी," बाबा क्षीण आवाजात म्हणाले.

"प्लगला कुलूप-क्रमांक घालायचा होता, तो आपण घातला नाही," टकळी म्हणाली. "त्यामुळे आपल्या वायफायवर जो कुणी येईल त्याचं हा प्लग ऐकतो. आणि आपल्या वायफायवर कोण नाही ते विचारा. समोरच्या बसस्टॉपवरची माणसं दोन दोन बस सोडून देतात, ती का वाटतं तुम्हाला?"

"ते रसिक..."

"ते सिनेमे बघतात, बाबा."

आई एकाएकी उठली. "थांब. दारावरच्या घंटीला कॅमेरा आहे. तो पण त्याच वायफायवर?"

"हो. आणि त्याचा पासवर्ड तोच. बाबांच्या फोनचा तोच. तुझ्या बँकेचा कुठला आहे ते मी विचारत नाही, पण तुझा चेहरा बघून मला कळतंय."

आईचा चेहरा खरंच बघण्यासारखा झाला होता. मग तिच्यातली नर्स जागी झाली. तिने बाह्या सरसावल्या. "म्हणजे हातमोज्यांची एकच जोडी घालून आपण सगळा वॉर्ड तपासत होतो. शी. एका जागची घाण सगळीकडे. टकळे, तो फोन इकडे आण. प्रत्येक गोष्टीला वेगळा पासवर्ड. आत्ताच्या आत्ता."

पण टकळी आईकडे बघत नव्हती. ती आत्याकडे बघत होती.

आत्या खुर्चीतून उठली होती. ती लॅम्पपाशी गेली, जो अजूनही शिळेच्या तालावर उघडझाप करत होता, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी बंद केली होती," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मी बंद केली होती." आणि मग हसायला लागली, असं हसायला लागली की गळ्यातली कात्री हिंदकळायला लागली आणि बाबांना ती धरून ठेवावी लागली. "अरे, माझं डोकं शाबूत आहे. अस्वलाचंच काय ते गेलंय."

आई खोक्यापाशी वाकली आणि रिळं परत कपाटात लावायला लागली.

"ताई, चुकलं माझं," ती कपाटात तोंड घालूनच म्हणाली. "तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकत नव्हते."

"तू माझ्या काळजीनेच केलंस." आत्या तिच्या मागे जाऊन उभी राहिली. "फक्त वहिनी, जांभळं निळ्याशेजारी. तिथे नाही, त्याच्या वर. आणि सोनेरी रीळ बाहेरच ठेव, राणीची बाही नव्याने लावायचीय."

आत्याचा आवाज पुन्हा जाड दोऱ्यासारखा झाला होता. टकळीने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "काका, बास. जिंकलो." शीळ थांबली, आणि एक शेवटची उघडझाप करून लॅम्पही.

मग सुरू झाली साफसफाई. प्लग इस्त्रीपासून कायमचा सुटला. ज्या वस्तूला चटका देता येतो तिला फार हुशार करायचं नाही, असा आईने हुकूम काढला. वायरमनने टेबलाच्या कडेला, हाताशी येईल असा साधा, खटकन वाजणारा स्विच बसवून दिला, आणि आत्याला तो आवाज इतका आवडला की पहिल्या दिवशी ती उगाचच खटखट करत राहिली. प्लग लॅम्पला लागला, कुलूप-क्रमांकासकट. घंटीला वेगळा पासवर्ड, फोनला वेगळा, बँकेला तर आईने असा काही ठेवला की तो टाइप करताना ती ओठही हलवत नाही. बेकर काकांनी स्वतःचं इंटरनेट घेतलं आणि आपल्या प्लगचं नाव 'पीठ' ठेवलं. बसस्टॉपवरची माणसं पहिल्या बसने घरी जायला लागली.

राहता राहिली काच.

बाबा धारदार पातं घेऊन दारासमोर उभे होते, पण हात पुढे जात नव्हता. "पासवर्ड तर बदललाय ना आता," ते म्हणाले. "मग राहू दे की. नुसतं चित्र म्हणून."

"लोक दिवसभर आत येऊन विचारतील, चालत का नाही म्हणून," टकळी म्हणाली.

बाबांनी सुस्कारा सोडला, रंगाचं नाव खरवडलं आणि मग एकाचा आकडा. मग दोन. तीन. चारापाशी येऊन थांबले. आई जिन्यातून खाली आली होती, ड्यूटीवर जायला निघालेली. तिने काचेकडे बघितलं, बाबांकडे बघितलं.

"वेल ठेवा," ती म्हणाली. "मुंगीही ठेवा. वर रिकामी जागा राहील तिथे ताईंची पाटी काढा. 'नाटकांचे पोशाख. दुसरा मजला.' इतकी वर्षं झाली, त्यांच्या नावाची एक पाटी नाही या इमारतीत, आणि घरात पाट्या रंगवणारा बसलाय."

पुढच्या रविवारी, सामान हलायचं होतं त्याला बरोबर आठवडा झाला, त्या दिवशी बाबांनी ती पाटी रंगवली. आत्या खुर्ची टाकून फुटपाथवर बसली आणि एकेका अक्षराला नावं ठेवत राहिली. बेकर काकांनी फुगलेला, मऊसूत, वाफाळता ब्रेड आणून सगळ्यांना वाटला. नाटकातली राणी नव्या बाहीची मापं द्यायला आली होती, तिने पाटीसमोर फोटो काढून घेतला. आणि टकळी बोलत होती. आठवडाभर गप्प बसायचं वचन तिने पहिल्याच संध्याकाळी मोडलं होतं आणि आईने ते मनावर घेतलं नव्हतं. उलट जेवताना ती म्हणाली, "हां, ते परवा तू काय वाचलं होतंस प्लगबद्दल, ते सांग जरा नीट." टकळीने मग अर्धा तास नीट सांगितलं.

वायफायचा नवा पासवर्डही तिनेच ठरवला. चार शब्द, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले, आणि प्रत्येकाच्या कानात स्वतंत्रपणे सांगितलेले. बाबांनी ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय सुंदर अक्षरं आहेत गं यात," ते म्हणाले. "आणि कुणाला दाखवायची नाहीत?"

"कुणालाही नाही."

बाबांनी मान डोलावली. पण थोड्या वेळाने त्यांचं बोट पाण्याच्या पेल्यात बुडालं आणि टेबलावर, आपल्याच तंद्रीत, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर उमटायला लागलं, काय ते वळण, काय ती वेलांटी. आत्याने खाकरून इशारा दिला. आईने हातातलं फडकं पुढे केलं आणि बोलणं न थांबवता, बाबांकडे न बघता, टेबल पुसून टाकलं.